सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड

शालेय पुस्तकांत सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड सात थरांची असते: सृष्टी, संघ (वनस्पतींच्या बाबतीत विभाग), वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती. वाघ हा प्राणिसृष्टीतला, रज्जुमान संघातला, सस्तन वर्गातला, मांसाहारी गणातला आणि मार्जार कुलातला. त्याची प्रजाती पँथेरा आणि जाती पँथेरा टायग्रिस. आंबाही त्याच रीतीने वनस्पतिसृष्टीतून खाली येत येत, काजू आणि बिब्बा ज्या कुलात आहेत त्या ॲनाकार्डिएसीत शिरतो आणि मँजिफेरा इंडिका या जातीपाशी थांबतो. मुले हा क्रम पाठ करतात तेव्हा तो कुणा एका विद्वानाने एका बैठकीत मांडला असावा असे वाटते. वास्तविक ही उतरंड रचायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली आणि तिचे थर खालून वर किंवा वरून खाली असे ओळीने चढले नाहीत. जाती आणि प्रजाती आधी पक्क्या झाल्या, मग वर्ग आणि गण आले. कुल हे गण आणि प्रजाती यांच्यामध्ये मागाहून सरकवले गेले आणि संघ तर १८६६ मध्ये आला. प्रत्येक स्तरामागे त्या त्या काळातील अभ्यासकांची एक नड होती.

गट पाडणे ही गोष्ट फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात प्राण्यांचे रक्त असलेले आणि रक्तहीन असे दोन मोठे भाग केले आणि त्यांखाली पक्षी, मासे, कवचधारी अशा समूहांची वर्णने लिहिली. गटासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द कधी सगळ्या पक्ष्यांना लागतो, तर कधी एखाद्या लहानशा समूहाला. स्तर ठरलेले नव्हते. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींची वृक्ष, झुडपे, छोटी झुडपे आणि रोपे अशी चार भागांत विभागणी केली. ती पुढे दीड हजार वर्षांहून अधिक काळ युरोपात टिकली.

भारतीय परंपरेतही असे गट होते आणि ते वैद्यांच्या कामाचे होते. चरकसंहितेत वनस्पती, वानस्पत्य, वीरुध आणि ओषधी असे चार प्रकार येतात. फुलांवाचून फळे येतात ती वनस्पती, फुले येऊन मग फळे धरतात ते वानस्पत्य, पसरणाऱ्या व चढणाऱ्या वेली म्हणजे वीरुध आणि फळ पिकले की मरते ती ओषधी. वड आणि उंबर पहिल्या प्रकारात जातात, कारण त्यांची बारीक फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात आणि बाहेरून दिसत नाहीत. ग्रंथकाराचे निरीक्षण तिथवर चोख होते. प्राण्यांच्या मांसाचे गुण सांगताना याच ग्रंथात प्रसह, भूमिशय, आनूप, वारिशय, वारिचर, जांगल, विष्किर आणि प्रतुद असे आठ वर्ग केले आहेत. हिसकावून खाणारे, बिळात राहणारे, पाण्यात फिरणारे, उकरून खाणारे, टोचून खाणारे अशी ही विभागणी प्राण्याचे राहणे आणि खाणे पाहून केली होती. आहार आणि औषध यांसाठी ती पुरेशी होती. मात्र एका गटाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा अशी खोल जाणारी रचना तिला लागली नाही, कारण हाताळायच्या सजीवांची संख्या काही शेकड्यांच्या पुढे जात नव्हती.

ती संख्या सोळाव्या शतकात फुगू लागली. जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स याच्या १५४२ च्या ग्रंथात सुमारे पाचशे वनस्पती होत्या आणि त्या वर्णक्रमाने लावल्या होत्या. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या संवादग्रंथातही औषधी द्रव्ये बहुतांशी वर्णक्रमानेच घेतली. अमेरिका, आफ्रिका आणि आशियातून जहाजे येत राहिली, तशी बिया, कंद आणि वाळवलेली रोपे युरोपच्या बागांत जमत गेली. १६२३ मध्ये बाझल येथील कास्पार बोआँ याने आपल्या सूचिग्रंथात सुमारे सहा हजार वनस्पती नोंदवल्या. इंग्लंडच्या जॉन रे याच्या तीन खंडांच्या वनस्पतिवर्णनात हा आकडा अठरा हजारांवर गेला. एवढ्या वनस्पती वर्णक्रमाने लावल्या तर नाव माहीत असलेल्याला त्या सापडतात. समोर रोप आहे आणि नाव ठाऊक नाही, अशा माणसाला त्या यादीचा काही उपयोग होत नाही. हीच ती नड. रोपाकडे पाहून टप्प्याटप्प्याने त्याच्या नावापर्यंत पोचता यावे, यासाठी मोठ्या गटातून लहान गटात उतरण्याची वाट हवी होती.

पिसा येथील वैद्य आणि तत्त्वज्ञ आंद्रेआ चेझालपीनो याने १५८३ मध्ये ती वाट पहिल्यांदा आखली. औषधी गुण आणि वर्णक्रम बाजूला ठेवून त्याने फळ व बी यांच्या रचनेवर गट पाडले. रे याने १६८६ मध्ये जातीची व्याख्या केली: एकाच बीजापासून पिढ्यान्‌पिढ्या जे उगवत राहते ते एका जातीचे, मग फुलांचा रंग वा पानांचा आकार थोडा वेगळा का असेना. बागेतील प्रत्येक रंगभेदाला नवी जाती मानण्याची तेव्हाची सवय या व्याख्येने मोडायला मदत झाली. लाइपझिगच्या ऑगस्टस रिव्हीनस याने १६९० मध्ये गण हा वरचा स्तर वापरात आणला. पॅरिसच्या राजोद्यानातील जोझेफ पितों द टुर्नफॉर याने १६९४ मध्ये प्रजातीला स्वतःची नीट व्याख्या आणि चित्र दिले. त्याच्या १७०० च्या लॅटिन आवृत्तीत बावीस वर्ग आणि ६९८ प्रजाती आहेत. आज रोजच्या वापरात असलेली अनेक वनस्पतिनामे त्याच्या प्रजातींवरून आली आहेत. जातींकडे त्याने तेवढे लक्ष दिले नाही; प्रजाती ओळखली की काम झाले, असा त्याचा कल होता.

कुलाची कल्पना याच काळातली, पण ती वेगळ्या वाटेने आली. दक्षिण फ्रान्समधील माँपेल्ये येथील प्येर मान्योल हा प्रॉटेस्टंट असल्यामुळे त्याला विद्यापीठातील प्राध्यापकपद बराच काळ नाकारले गेले. १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या पुस्तकात त्याने वनस्पतींची ७६ कुले कोष्टकांत मांडली. एकाच अवयवावर बोट ठेवून गट पाडण्यापेक्षा मूळ, खोड, फूल, बी या सर्वांतून जाणवणारे साम्य पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. माणसांच्या घराण्यात तोंडवळा जसा ओळखू येतो तसा तो वनस्पतींतही येतो, म्हणून त्याने घराण्याचा शब्द उचलला. समकालीनांनी त्याचे फारसे ऐकले नाही. त्याच्या नावाने मॅग्नोलिया ही प्रजाती मात्र अजरामर झाली, आणि लिनीअसने मिशेलिया चंपाका म्हणून नोंदवलेला आपला सोनचाफाही आता तिच्यातच, मॅग्नोलिया चंपाका या नावाने, धरला जातो.

कार्ल लिनीअस १७०७ मध्ये दक्षिण स्वीडनमधील एका खेड्यात जन्मला. पाळकाचा मुलगा, शिक्षणाने वैद्य, आणि वर्गीकरणाचे अक्षरशः वेड असलेला. १७३५ मध्ये लायडन येथे त्याने प्रसिद्ध केलेला ‘सिस्टिमा नॅच्युरी’ हा ग्रंथ म्हणजे डझनभर मोठ्या पानांवरची कोष्टके होती. खनिज, वनस्पती आणि प्राणी या तीन सृष्टी. प्रत्येक सृष्टीत वर्ग, वर्गात गण, गणात प्रजाती, प्रजातीत जाती. त्याखाली गरजेप्रमाणे प्रकार. यातला एकही स्तर पूर्णपणे त्याच्या पदरचा नव्हता. त्याने केले ते असे की सगळे स्तर एका ओळीत बसवले, तीनही सृष्टींना सारखे लावले आणि कोणत्याही नोंदीत एकही स्तर गाळला नाही. १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त त्याने ही रचना समजावताना राज्य, प्रांत, परगणा, खेडे आणि सैन्यातील पलटण, तुकडी, शिपाई यांचे दाखले दिले आहेत. कारभाराची शिस्त त्याने सजीवांना लावली, आणि पुढच्या अडीचशे वर्षांतील उतरंडीचे बळ व तिच्या अडचणी दोन्ही या शिस्तीतच आहेत.

त्याचे वनस्पतींचे चोवीस वर्ग पुंकेसरांची संख्या आणि मांडणी यांवर, तर बहुतेक गण स्त्रीकेसरांवर आधारलेले होते. पाकळ्या उघडून मोजता येणाऱ्या कुणालाही ही पद्धत जमत असे, म्हणून ती झपाट्याने पसरली. तिचा दोष आपल्या धान्यांवरून चटकन कळतो. गव्हाच्या फुलात तीन पुंकेसर, म्हणून गहू तिसऱ्या वर्गात. भाताच्या फुलात सहा, म्हणून भात सहाव्यात. मक्याचे तुरे नरफुलांचे आणि कणसे मादीफुलांची, म्हणून मका आणखी वेगळ्या वर्गात. ज्वारीत दोन्ही प्रकारची फुले मिसळलेली, म्हणून ती चौथ्याच ठिकाणी. गवताच्या एका घराण्यातील चार भावंडे अशी चार दिशांना गेली. लिनीअसला हे ठाऊक होते. ही व्यवस्था ओळख पटवण्यापुरती आहे, असे तो सांगत असे. १७३८ मध्ये त्याने नैसर्गिक साम्यावर आधारलेल्या ६५ गणांचा कच्चा आराखडाही दिला होता. जाती व प्रजाती निसर्गाने घडवलेल्या आहेत, वर्ग आणि गण मात्र निसर्ग व माणसाची युक्ती या दोघांचे मिळून काम आहे, हे त्याचे मत होते. उतरंडीच्या सगळ्या थरांना सारखे खरेपण नसते, ही जाणीव तिच्या रचनाकारालाच होती, ही गोष्ट पुढच्या वादांत पुष्कळदा विसरली गेली.

जातीचे नाव दोन शब्दांत लिहिण्याची त्याची रीत या स्तरांमुळेच शक्य झाली. त्याआधी जातीचे नाव म्हणजे तिचे छोटेसे वर्णन असे. टोमॅटोला ‘सोलॅनम काउले इनर्मी हर्बासिओ, फोलीइस पिनॅटिस इन्सिसिस’ आणि पुढे आणखी काही शब्द, एवढे म्हणावे लागे. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ मध्ये लिनीअसने समासात एकेकच शब्द दिला आणि टोमॅटो सोलॅनम लायकोपर्सिकम झाला. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. म्हणजे नावातच उतरंडीचे तळाचे दोन थर कोरले गेले. या ग्रंथात सुमारे ५,९०० जाती आहेत. १७५८ मधील ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत हीच रीत प्राण्यांना लागली, देवमासे माशांतून निघून सस्तनांत आले आणि वाघाची नोंद फेलिस टायग्रिस अशी झाली. वाघाची प्रजाती पुढे बदलली, जातिवाचक शब्द राहिला.

भारतातील बऱ्याच वनस्पती लिनीअसने स्वतः पाहिल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी तो ‘हॉर्टस मलबारिकस’वर विसंबला. मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने कोचीत करवून घेतलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला; त्यात सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आणि भव्य चित्रे आहेत. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी वैद्य या कामात होते. त्यांनी नागरी लिपीत, कोकणीत लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. गोव्यातून कोचीत जाऊन स्थिरावलेल्या समाजातल्या या वैद्यांची नावे वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात यापेक्षा ठळकपणे सांगितली जायला हवीत. लिनीअसच्या अनेक भारतीय जातींचा आधार त्यांच्या माहितीवर उभ्या राहिलेल्या या चित्रांत आहे.

लिनीअसच्या स्तरांत कुल नव्हते. प्रजातींची संख्या हजाराच्या पुढे गेली तशी प्रजाती आणि गण यांच्यामधली पोकळी जाणवू लागली. सेनेगलमध्ये पाच वर्षे काढलेल्या मिशेल आदांसाँ याने १७६३ मध्ये ५८ कुले मांडली. एका लक्षणाला महत्त्व देण्याऐवजी त्याने शक्य तेवढी सगळी लक्षणे घेतली, कारण आफ्रिकेतील वनस्पती युरोपात बनवलेल्या कुठल्याच चौकटीत बसत नाहीत हे त्याने पाहिले होते. १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, आंत्वान लोराँ द ज्युसिअ याने पॅरिसमध्ये वनस्पतींचे शंभर नैसर्गिक गट प्रसिद्ध केले आणि ते इतके अचूक होते की त्यांतले बरेच आजही कुले म्हणून ओळखता येतात. त्याने त्यांना नाव दिले ते मात्र गणाचे.

या एका शब्दनिवडीने वनस्पतिशास्त्रात शंभर वर्षांवर घोळ घातला. ज्युसिअच्या मागून आलेले बेंथॅम आणि हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच अर्थाने ‘नैसर्गिक गण’ म्हणत राहिले; आजच्या गणाला ते वेगळ्याच नावाने ओळखत. १८७२ ते १८९७ या काळात निघालेला हूकरचा सात खंडांचा ब्रिटिश भारताचा वनस्पतिकोश आणि थिओडोर कुक याचा १९०१ ते १९०८ मधील मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश हे दोन्ही त्याच परंपरेतले. कुकचे खंड आजही महाराष्ट्रातील वनस्पती ओळखताना उघडावे लागतात आणि जुनी पाने वाचताना कुलाच्या जागी गण दिसला तर दचकायचे कारण नसते. प्राणिशास्त्रज्ञ याच काळात गण वरचा आणि कुल खालचा असे स्पष्ट धरत होते. १९०५ च्या व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्रीय नियमांनंतर दोन्ही शास्त्रांची भाषा जुळली. ज्युसिअचे जुने गण कुल समजावेत, असे नियमांनीच सांगितले.

प्राणिशास्त्रात कुल आणणारा प्येर आंद्रे लात्रेय हा कॅथलिक धर्मगुरू होता. राज्यक्रांतीतील सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला त्याने नकार दिला आणि त्याची रवानगी बोर्दो येथील तुरुंगात झाली. १७९४ मध्ये तुरुंगाचा वैद्य फेरी मारताना लात्रेय जमिनीवरचा एक भुंगेरा निरखत होता. ती दुर्मीळ जाती आहे, असे त्याने सांगितले. वैद्याने तो कीटक पंधरा वर्षांच्या बोरी द सें-व्हॅन्साँ या हौशी अभ्यासकाकडे पाठवला. त्या मुलाला लात्रेयचे काम माहीत होते. त्याने आणि त्याच्या ओळखीच्यांनी खटपट करून लात्रेयची सुटका करवली. तुरुंगातले त्याचे सोबती महिन्याभरात मारले गेले. नेक्रोबिया रुफिकॉलिस नावाच्या त्या भुंगेऱ्याचे चित्र लात्रेयच्या स्मारकावर कोरलेले आहे. सुटकेनंतर दोन वर्षांनी, १७९६ मध्ये, त्याच्या पुस्तकात कीटकांच्या प्रजाती प्रथमच कुलांमध्ये लावलेल्या होत्या. सुरुवातीला कुलांना त्याने नुसते क्रमांक दिले. नावे १८०२ पासून दिली. कीटकांच्या प्रचंड संख्येपुढे हा मधला स्तर लागणारच होता, आणि थोड्याच वर्षांत बाकीच्या प्राण्यांनाही तो लावला गेला.

नावांच्या शेपटावरून स्तर कळावा, ही सोय यानंतरची. विल्यम कर्बी या इंग्लिश कीटकशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या कुलनामाला ‘इडी’ हा प्रत्यय सुचवला; १८४२ मध्ये ह्यू स्ट्रिकलंड याच्या पुढाकाराने ब्रिटिश विज्ञान संस्थेच्या समितीने तयार केलेल्या नियमांत तो आला. त्या समितीत तरुण चार्ल्स डार्विन होता. स्ट्रिकलंड पुढे १८५३ मध्ये रेल्वेमार्गाच्या कडेचे खडक पाहत असताना गाडीखाली सापडून वारला. त्याचे नियम मात्र आजच्या प्राणिशास्त्रीय संहितेचे मूळ ठरले. वनस्पतींसाठी असेच काम आल्फाँस द कांदोल याने १८६७ च्या पॅरिस परिषदेत केले. त्याच्या वडिलांनी १८१३ मध्ये वर्गीकरणशास्त्राला ‘टॅक्सॉनॉमी’ हे नाव दिले होते. वनस्पतींच्या कुलनामांचा शेवट ‘एसी’ने होतो. आठ कुलांची जुनी नावे लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती पर्यायाने चालू ठेवली गेली. गवतांचे ग्रॅमिनी आणि डाळी-शेंगांचे लेग्युमिनोसी ही त्यांतलीच.

वर्गाच्या वरचा स्तर जॉर्ज क्यूव्हिए याच्या कामातून आला. १८१२ मध्ये त्याने प्राण्यांच्या शरीररचनेचे चार मूळ आराखडे सांगितले: पृष्ठवंशी, मृदुकाय, खंडित देहाचे आणि अरीय. एका आराखड्यातून दुसरा निघणे त्याच्या मते अशक्य होते. १८६६ मध्ये एर्न्स्ट हेकेल याने अशा मोठ्या समूहांना ‘फायलम’, म्हणजे संघ, हे नाव दिले आणि अर्थ उलटा केला: संघ म्हणजे एका पूर्वजापासून निघालेली सबंध शाखा. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच जागी विभाग म्हणत राहिले. १९९३ च्या योकोहामा परिषदेने वनस्पतींसाठीही संघ हा पर्यायी शब्द मान्य केला, म्हणून शालेय पुस्तकात आज दोन्ही जोडीने दिसतात.

हेकेलच्या सात वर्षे आधी, १८५९ मध्ये, डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आले होते. खडकाला चिकटणाऱ्या बार्नकल या प्राण्यांचे आठ वर्षे वर्गीकरण केल्यानंतर त्याची खात्री झाली होती की जाती आणि प्रकार यांच्यात भिंत नसते. प्रकार म्हणजे जाती होऊ घातलेला समूह. वर्गीकरण वंशावळीप्रमाणे असावे, असे त्याने लिहिले. यानंतर उतरंड मोडून पडायला हवी होती असे वाटते. ती पडली नाही. गटाच्या पोटात गट ही लिनीअसची रचना आणि फांदीतून फुटणाऱ्या फांद्या ही डार्विनची रचना बाहेरून सारखीच दिसत असल्यामुळे अभ्यासकांनी जुन्या चौकटीला नवा अर्थ दिला आणि काम पुढे चालू ठेवले.

डार्विननंतरच्या पन्नास वर्षांत चौकटीच्या तळाशी एक स्तर वाढला तो उपजातीचा. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांनी १८८६ च्या आपल्या नियमांत तीन शब्दांची नावे स्वीकारली. भारतात ब्लॅनफर्डच्या देखरेखीखाली निघालेल्या प्राणिकोशाच्या पहिल्या आवृत्तीत पक्ष्यांची नावे दोन शब्दांची होती. स्टुअर्ट बेकर याने १९२२ पासून काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ती तीन शब्दांची झाली. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून आलेल्या सालिम अलींच्या पिढीला उपजाती हे मूळ हत्यार होते, कारण एकच पक्षी हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत कसा बदलत जातो ते तिच्यातून मांडता येते. हा स्तर अजूनही निसरडा आहे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्जारतज्ज्ञांच्या गटाने वाघाच्या उपजाती दोनवर आणल्या. पुढच्याच वर्षी जनुकांच्या अभ्यासाने सहा उपजातींच्या बाजूने पुरावा दिला. संवर्धनाचे प्रकल्प अशा निर्णयांवर अवलंबून असतात, तेव्हा हा वाद केवळ नावांचा राहत नाही.

विसाव्या शतकात स्तरांची गर्दी झाली. अधिगण, उपगण, अधिकुल, उपकुल, जमात अशा मधल्या पायऱ्या सस्तन प्राण्यांच्या आणि कीटकांच्या ग्रंथांत सर्रास आल्या. वरच्या टोकाला हेकेलने १८६६ मध्येच एकपेशीय जीवांसाठी तिसरी सृष्टी सुचवली होती. रॉबर्ट व्हिटॅकर याने १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या आणि त्या आपल्या पाठ्यपुस्तकांत रुजल्या. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनए तपासून दाखवले की जिवाणू समजले जाणारे काही सूक्ष्मजीव जिवाणूंपासून फार दूरचे आहेत. १९९० मध्ये वूझने सृष्टीच्याही वर अधिक्षेत्र हा स्तर ठेवला. आर्किया, जिवाणू आणि सुस्पष्ट केंद्रक असलेले सजीव ही तीन अधिक्षेत्रे तेव्हापासून आहेत.

या उतरंडीविषयीची मूळ शंका जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने १९५० मध्ये उपस्थित केली. गटात एका पूर्वजाचे सगळे वंशज आले पाहिजेत, असा त्याचा नियम. तो पाळला तर पक्षी डायनासोरांच्या शाखेतले ठरतात, म्हणजे पक्षिवर्ग सरीसृपांच्या वर्गात शिरतो आणि वर्गात वर्ग ही अडचण उभी राहते. दुसरी अडचण तुलनेची. ड्रोसोफिला ही फळमाशीची एकच प्रजाती चार कोटींहून अधिक वर्षांची आहे, तर आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांचे बहुतेक वैविध्य पंधरा हजार वर्षांच्या आसपास निर्माण झाले आणि तरी त्यांना अनेक प्रजातींत वाटले गेले. म्हणून ‘या डोंगरात अमुक इतकी कुले आणि त्या खाडीत तमुक इतकी’ अशा आकड्यांवरून जैवविविधतेची तुलना करणे फसवे आहे. समान स्तर म्हणजे समान वय वा समान अंतर, असा अर्थ उतरंडीत कधीच नव्हता.

फुलझाडांच्या वर्गीकरणात यातून मध्यम मार्ग निघाला. १९९८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने डीएनएवर आधारलेली कुले आणि गण ठेवले, त्यांवरचे समूह मात्र स्तरांविना नुसत्या शाखा म्हणून सोडले. २०१६ च्या त्यांच्या चौथ्या मांडणीत ६४ गण आणि ४१६ कुले आहेत. रुईचे कुल कण्हेरीच्या कुलात विलीन होऊन उपकुल झाले. सावरीचे स्वतंत्र कुल भेंडी, कापूस आणि जास्वंदीच्या कुलात गेले. साग तुळशीच्या कुलात आला. जुन्या वनस्पतिसंग्रहांत मात्र कपाटांची मांडणी अनेक ठिकाणी बेंथॅम-हूकर क्रमानेच आहे, कारण वाळवलेल्या नमुन्यांचे लाखो कागद हलवणे सोपे नसते.

नियमांचा हेका कधी कधी सामान्य माणसाच्या ओळखीच्या झाडापर्यंत येतो. बाभूळ अकेशिया प्रजातीची होती, नव्हे, ती प्रजाती ज्या जातीवरून ओळखली जाई ती जातीच बाभळीची. प्रजातीचे तुकडे पाडण्याची वेळ आली तेव्हा नियमानुसार नाव बाभळीकडे राहायला हवे होते. ऑस्ट्रेलियात अकेशियाच्या जवळजवळ हजार जाती असल्यामुळे २००५ च्या व्हिएन्ना परिषदेने नाव त्यांच्याकडे दिले, २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झाले आणि बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. खैर सेनेगालिया कॅटेचू झाला. आफ्रिका आणि भारतातील अभ्यासकांवर हा अन्याय होता. संख्येपुढे पूर्वापार हक्क हरला.

नव्याने सापडलेल्या पृष्ठवंशी प्राण्यासाठी नवे कुल उभे करण्याची वेळ आजच्या काळात क्वचित येते. २००३ मध्ये ती आली. केरळच्या इडुक्की भागात एस. डी. बिजू यांना वर्षभर जमिनीखाली राहणारा आणि पावसाच्या सुरुवातीला थोडेच दिवस बाहेर येणारा जांभळा बेडूक मिळाला. त्यांनी आणि फ्रँकी बॉसाइट यांनी त्याला नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस हे नाव आणि स्वतंत्र कुल दिले. त्याचे जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. भारताचा भूखंड आणि ती बेटे एकत्र होती तेव्हाचे हे नाते.

स्तर अजिबात सोडून केवळ शाखांना नावे द्यावीत, अशी पर्यायी संहिता केव्हिन द केरोझ आणि सहकाऱ्यांनी दोन दशकांहून अधिक काळ घडवली आणि ती २०२० मध्ये लागू झाली. तिचा वापर मर्यादित राहिला आहे. तर्काच्या बाजूने ती सरस आहे. पण संग्रहालयाची चिठ्ठी, वनखात्याची यादी आणि विद्यार्थ्याचे पुस्तक यांना कुल, प्रजाती आणि जाती हे तीन शब्द लागतातच, आणि ते सोडावेत इतका मोठा लाभ नव्या पद्धतीने अजून दाखवलेला नाही. प्राण्यांची चालू संहिता तर अधिकुलाच्या वर बोलतच नाही. गण, वर्ग आणि संघ तिथे अभ्यासकांच्या सहमतीवर चालतात.

सजीव मानावेत की नाही यावर एकमत नसलेल्या विषाणूंसाठीही आता हीच उतरंड वापरात आहे. विषाणुवर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने पूर्वीच्या पाच स्तरांऐवजी २०१९ पासून पंधरा स्तर मान्य केले असून २०२१ पासून जातीचे नाव दोन शब्दांचे असणे बंधनकारक केले आहे. कोव्हिडचा विषाणू त्यानुसार निडोव्हायरॅलिस गणातील, कोरोनाव्हिरिडी कुलातील आणि बीटाकोरोनाव्हायरस प्रजातीतील आहे.